स्केलिगची यादी

आमच्या रिनबान गावात लग्नं व्हायची ती हिवाळ्यातच. नाताळचे बारा दिवस सरले की सोयरिकी जुळवणाऱ्यांच्या येरझाऱ्या सुरू व्हायच्या, आणि राखेच्या बुधवारच्या आदल्या मंगळवारी सगळं थांबायचं. त्यानंतर थेट ईस्टरपर्यंत उपासकाळ. त्यात मांस नाही, नाच नाही आणि लग्न तर नाहीच. म्हणून त्या शेवटच्या मंगळवारी आमच्या एवढ्याशा चर्चमध्ये चार-चार, पाच-पाच लग्नं लागत. ईस्टरनंतरही लागायची एखाद-दोन. पण ती विधुरांची नाहीतर घाईची, असं बायका म्हणत.

ज्यांचं मंगळवारपर्यंत जमलं नाही, त्यांच्यासाठी एक वाट उरायची. आमच्या दारातून सरळ समोर पाहिलं की समुद्रात आठ मैलांवर स्केलिगचा खडक दिसतो. जुन्या काळच्या साधूंच्या दगडी घुमट्या अजून आहेत त्याच्या माथ्यावर. लोक सांगायचे, त्या साधूंनी आपलं जुनं पंचांग काही सोडलं नाही, त्यामुळे तिथं उपासकाळ उशिरा लागतो. तेव्हा उरल्यासुरल्यांनी बोटीत बसावं आणि खडकावर जाऊन लग्न लावून घ्यावं. गेलं कधीच कुणी नाही. पण दर वर्षी राखेच्या बुधवारी सकाळी चर्चच्या फाटकावर एक कागद लटकलेला असायचा, स्केलिगच्या बोटीची यादी. पंचक्रोशीतले सगळे बिनलग्नाचे बाप्ये आणि बाया त्यात जोडीनं बसवलेल्या, आणि प्रत्येक जोडीवर चार ओळींचं कवन. साठीचा म्हातारा आणि शाळेतली मास्तरीण, बहिरा आणि बडबडी. फादर वेदीवरून त्या कागदाला शिव्या घालायचे, आणि मिस्साची प्रार्थना संपेपर्यंत तो निम्म्या लोकांना पाठ झालेला असायचा.

यादी कोण लिहितं ते कुणी विचारायचं नाही आणि लिहिणाऱ्यानं सांगायचं नाही, असा रिवाज होता. एकोणीसशे छत्तीस, सदतीस आणि अडतीस साली ती मी लिहिली.

सगळ्यांचा संशय होता मॉसी ब्रीनवर. मॉसी घोड्यांचा साज शिवायचा, तिशीचा होता, आणि त्याच्या दुकानात पंचक्रोशीची सगळी कुचाळकी जमायची. कागद लटकवायचा तोच. पण त्याला यमक जुळवता येत नसे. मास्तरांच्या गाढवावर मी केलेलं एक कवन त्याच्या कानावर गेलं आणि त्यानं मला धरलं. मी पंधरा वर्षांची होते. मोठ्या माणसांना हसवता येतं याची चटक वाईट असते.

माझी बहीण अ‍ॅबी माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी सहा वर्षांची असताना आई गेली. तेव्हापासून माझी वेणी, माझे पायमोजे, माझ्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी, सगळं अ‍ॅबीनंच केलं. ती दिसायला साधीच, पण तिचं हसणं दोन शेतं ओलांडून ऐकू जायचं. बाबा म्हणायचे, "या पोरीला गोठ्यात हसायला पाठवा रे, गाई चार शेर जास्त दूध देतील."

फ्लरी टीहन टेकडीच्या पलीकडच्या अंगाचा, दगडकाम करणारा. उंच, खांदे थोडे वाकलेले, आणि बोलायचा इतकं कमी की लोक म्हणत त्याच्याकडून शब्द काढायचा तर पहारच हवी. चार वर्षं तो रविवारी मिस्सा झाल्यावर अ‍ॅबीबरोबर फाट्यापर्यंत चालत यायचा. त्याच्या आईचं म्हणणं होतं, मी जिवंत असेपर्यंत माझ्या चुलीशी दुसरी बाई नको. सदतीसच्या नोव्हेंबरात म्हातारी गेली. जानेवारीत डिनी गोल्डन आमच्याकडे सोयरीक घेऊन आला. डिनी म्हणजे स्केलिगवरच्या दीपगृहाला सामान नेणाऱ्या बोटीचा म्होरक्या.

"कॉन," डिनी बाबांना म्हणाला, "पोरगा मुका आहे, पण त्याच्या भिंती पडत नाहीत."

"आमची दोघांचं बोलेल," बाबा म्हणाले. झालं, सोयरीक ठरली. लग्न शेवटच्या मंगळवारी, अकरा वाजता.

लग्नाच्या पाच दिवस आधी, गुरुवारी, फ्लरी स्केलिगला गेला. फेब्रुवारीच्या वादळानं खडकाच्या धक्क्यावरची भिंत फोडली होती. दोन दिवसांचं काम, शनिवारी परत. बाबा कुरकुरले, "लग्नाच्या आठवड्यात नवरा खडकावर?" अ‍ॅबी म्हणाली, "जाऊ द्या हो. इथं राहिला तर पाहुण्यांशी बोलावं लागेल म्हणून पळतोय."

शनिवारी वारा उठला तो रविवारी, सोमवारी पडलाच नाही. दारात उभं राहिलं की खडकाच्या पायथ्याशी पांढरं उसळताना दिसायचं. मंगळवारी पहाटे वारा पडला. वारा पडला म्हणजे समुद्र पडला असं नसतं, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही कळतं. तळातून येणारा हेलावा दोन-दोन दिवस राहतो. तरी उजाडताच डिनी आणि त्याचे तिघे बोट घेऊन निघाले.

अ‍ॅबी निळ्या कोट-स्कर्टमध्ये चर्चच्या भिंतीशी उभी होती. तिच्याबरोबर आम्ही सगळे. साडेदहाला बोट धक्क्याला लागली. तिच्यातून चौघंच उतरले.

डिनी चढण चढून वर आला आणि त्यानं टोपी काढली. "उतरता येईना, कॉन. हेलावा फार."

मागचे तिघे आपल्या बुटांकडे बघत होते. मला वाटलं, लाजत असतील बिचारे, नवरी समोर आहे म्हणून.

अ‍ॅबीनं रिकाम्या बोटीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "बरं. ईस्टर काही पळून जात नाही. पण हंस भाजून झालाय, तो कोण खाणार?"

सगळे आमच्या घरी आले. नवऱ्याशिवायचं लग्नाचं जेवण मी आयुष्यात तेवढं एकच पाहिलं. हंस, डुकराचं खारवलेलं मांस, मनुकांचा केक. अ‍ॅबी त्याच निळ्या कपड्यांत वाढत होती. शेजारणी म्हणत होत्या, "अगं, बस ना आता." ती म्हणायची, "बसले तर रडेन. वाढू द्या."

दुपारी मी विहिरीवर गेले तर मॉसी कुंपणाशी उभा.

"यादी झाली?"

"झाली. सतरा जोड्या."

"अठरा कर. अगं, नवरदेव स्वतःच स्केलिगवर जाऊन बसलाय! यादीला याहून सोनं ते कुठलं?"

"नको रे, मॉसी. अ‍ॅबीला लागेल."

"नाही घातलंस तर जास्त लागेल," तो म्हणाला. "यादीतून कुणाला वगळतात, ठाऊक आहे ना? ज्याच्या घरी मयत झालंय त्याला. अ‍ॅबीला वगळलंस तर सगळे समजतील की हिचं खरंच बुडालं."

हे खरं होतं. आमच्याकडे दया फक्त मेल्यावर करतात. जिवंत माणसाला चिडवतात, म्हणजे त्याचं बरं चाललंय असा अर्थ. आणि मला अ‍ॅबीला हसवायचं होतं. सकाळपासून ती हसली नव्हती. मी चुलीशेजारी बसून वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:

नवरदेव गेले पुढे, नवरी राहिली घरी,
स्केलिगच्या साधूंची करू लागले बरोबरी.
बोट गेली आणायला, समुद्र निव्वळ दूध,
पायरी धरून बसले राव, हरपली सुधबुध!

पाच मिनिटं लागली असतील. दूध लिहिलं कारण त्या दिवशी समुद्र दुधाच्या अगदी उलट होता, त्यातच गंमत. आणि एकदा दूध आलं की पुढं सुधबुध आलीच. मग ती हरपायला त्याला काहीतरी करायला हवं, म्हणून पायरी धरून बसवलं. यापलीकडे त्यात काहीही नव्हतं. मी देवासमोर सांगेन.

बुधवारी कपाळावर राख लावून आम्ही चर्चबाहेर आलो तर फाटकाशी ही गर्दी. कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं. अ‍ॅबीचं कवन आलं तशी माणसं चूप झाली, तिच्याकडे बघू लागली. आणि अ‍ॅबी हसली. राखेच्या बुधवारी, चर्चच्या दारात, ते दोन शेतं ओलांडणारं हसणं! हसता हसता तिनं माझा खांदा धरला. "पायरी धरून! अगं बाई, पायरी धरून! डोळ्यांसमोर दिसतोय गं मला तो. ज्यानं लिहिलं त्याच्या हाताला देव बरकत देवो."

मी खाली मान घालून हसले. इतकी सुखी मी त्यानंतर क्वचितच झाले असेन.

फ्लरी दहा दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी परत आला. दीपगृहाच्या मोठ्या जहाजानं त्याला पलीकडच्या बंदरात उतरवलं होतं, तिथून तो चालत आला. रविवारी तो मिस्साला उशिरा पोहोचला आणि मागं उभा राहिला. मिस्सा संपल्यावर फाटकाशी मॉसी आणि आणखी चारपाच जण त्याची वाटच बघत होते.

"या, साधुमहाराज! खडकावरचं पंचांग काय म्हणतंय?"

"लग्नाचा मुहूर्त कधीचा काढलाय?"

फ्लरी ओठांतल्या ओठांत हसला, कसनुसा. चिडवणं त्यानं गृहीतच धरलं होतं. मग मॉसीनं छातीवर हात ठेवून कवन म्हणायला सुरुवात केली. पहिल्या दोन ओळींना फ्लरी हसतच होता. तिसऱ्या ओळीला त्याचा चेहरा बदलला. चौथीला त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं. मी हात-दीड हातावर होते, मला दिसलं. कॉलरपासून कपाळापर्यंत पांढरा झाला माणूस. त्यानं मान वळवून डिनीकडे पाहिलं. डिनीनं बोटीवरच्या आपल्या तिघांकडे पाहिलं. ते तिघं एकमेकांकडे.

अ‍ॅबीला यातलं काही दिसलं नाही. ती बायकांच्या घोळक्यातून येत होती, दोन आठवड्यांनी त्याला बघत होती. येऊन तिनं त्याची बाही धरली आणि शेवटची ओळ तिनंच पुरी केली, मोठ्यानं, हसत. "पायरी धरून बसले राव!"

"तू पण?" फ्लरी म्हणाला.

"मी पण काय? मीच पहिली! सांग की, होता ना समुद्र दुधासारखा? बोट दारात आली आणि तू आपला..." हसण्यानं तिला पुढचं बोलवेना.

त्यानं तिची बोटं एक-एक करून बाहीवरून सोडवली. जोरानं नाही, कपड्यात अडकलेला काटा काढावा तशी. आणि टेकडीच्या वाटेला लागला.

"अहो, रागावले का काय!" बायका म्हणाल्या. अ‍ॅबी अजून हसत होती. "येईल संध्याकाळी," ती म्हणाली.

तो संध्याकाळी आला नाही. त्या आठवड्यातही आला नाही. अ‍ॅबी दोनदा त्याच्या घरी गेली, दार बंद. पुढच्या रविवारी तो दुसऱ्या गावच्या मिस्साला गेला असं कळलं. बाबा म्हणाले, "थट्टा सोसत नाही त्याला संसार काय सोसणार?" अ‍ॅबी म्हणाली, "माझंच चुकलं. सगळ्यांसमोर हसले मी. चार वर्षं त्याला ओळखते, मला कळायला हवं होतं."

मला तेव्हाही समजलं नव्हतं. समजलं ते मॉसीच्या दुकानात. गाढवाचा पट्टा शिवून घ्यायला मी गेले होते. तेवढ्यात डिनी आत आला आणि त्यानं दार लावून घेतलं. मी मागं चामड्याच्या ढिगाशी बसले होते. त्याला दिसले नाही, की दिसूनही पोर म्हणून त्यानं जमेस धरलं नाही, कोण जाणे.

"मॉसी, माझ्या माणसांपैकी तुला कोण बोललं?"

"कशाबद्दल?"

"सोंग करू नकोस. पायरीबद्दल."

"कसली पायरी?"

"तीन वेळा!" डिनी ओरडला. "तीन वेळा लावली मी बोट पायरीशी. हेलावा होता, पण उडी घेता आली असती. दीपगृहाचे दोघं उडी घेऊन बोटीत आले, टपाल देऊन परत पायरीवर गेले की! तो मात्र पायरीवरच्या साखळीला धरून बसला. हात सुटेना त्याचा. मी म्हटलं, 'फ्लरी, लेका, आज तुझं लग्न आहे.' तो म्हणाला, 'डिनी, मला जमत नाही. त्यांना सांग, समुद्र खराब होता.' अरे, होतं असं. माझ्या बापाचंही झालं होतं एकदा. उडी न जमलेल्या माणसाबद्दल किनाऱ्यावर शब्द काढायचा नाही, ही बोटीवरची रीत आहे. आज पंधरा दिवस आम्ही चौघं एका बोटीत बसतो आणि कुणी कुणाकडे बघत नाही. सांग, कोण बोललं?"

मॉसीचं तोंड उघडंच राहिलं. त्याची नजर डिनीच्या खांद्यावरून माझ्याकडे आली. डिनी वळला. त्यानं मला पाहिलं, मग परत मॉसीकडे, आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं.

"कुणी बोललं नाही," मी म्हणाले. "मी यमकासाठी लिहिलं."

डिनी खाली बसला. बराच वेळ त्यानं टोपी हातात फिरवली. "देवा रे," तो म्हणाला, "आणि आता मीच बोललो."

मी तिथून घरी गेले नाही. सरळ धक्क्यावर गेले. फ्लरी आपली जुनी नाव उलटी घालून तिला डांबर लावत होता. मार्चअखेरीचं स्वच्छ ऊन होतं, कुंपणांवर पिवळी काटेरी झुडपं फुललेली. खडक इतका जवळ दिसत होता की त्याच्या शेजारच्या धाकट्या खडकावरची पक्ष्यांची पांढरी गर्दीही दिसत होती.

"फ्लरी, ती यादी मी लिहिली."

त्यानं कुंचला थांबवला.

"मला कुणी काही सांगितलं नव्हतं. बोटीवरचं कुणी बोललं नाही. दूध आलं म्हणून सुधबुध आली. मी बनवलं ते सगळं."

त्यानं कुंचला डब्यात ठेवला. मग कधी नव्हे ते आपणहून विचारू लागला. "बनवलंस? म्हणजे कुणालाच ठाऊक नव्हतं?"

"कुणालाच नाही."

"अ‍ॅबीला?"

"तिला तर मुळीच नाही. ती थट्टा समजून हसली. तू लाजशील, मग हसशील, असं वाटलं तिला. जा ना तिच्याकडे. आत्ता जा. घरीच आहे, वेदीच्या चादरींना इस्त्री करतेय."

तो उभा राहिला. खरंच उभा राहिला, आणि आमच्या घराच्या धुराड्याकडे त्यानं पाहिलं. मला वाटलं, निघाला. पण तो तसाच उभा.

"आणि जाऊन काय सांगू?"

"काही नको सांगूस. हस तिच्याबरोबर, झालं."

"खोटं असतं तर हसलो असतो, नोनी." त्यानं आपले हात पाहिले, काळे झाले होते डांबरानं. "ती तिथं भिंतीशी उभी आहे हे मला ठाऊक होतं. निळे कपडे घालणार हेही ठाऊक होतं. आणि हात सुटला नाही. आता जन्मभर ती ते कवन म्हणेल, आपल्या चुलीशी, पोरांना मांडीवर घेऊन म्हणेल, हसून म्हणेल. आणि मी समोर बसून..."

"मग खरं सांग तिला!"

"तुला सांगता आलं असतं?"

मी सतरा वर्षांची होते. 'हो' म्हणाले. त्यानं मान हलवली. मग त्यानं मला वचन मागितलं. अ‍ॅबीला कधीही कळू द्यायचं नाही. "मी रागीट होतो असं समजू दे तिला. हलकट होतो असं समजू दे. हे नको." मी त्याचं सगळं मोडून ठेवलं होतं, एवढंही नाही कसं म्हणू? मी वचन दिलं. डिनीनं आणि मॉसीनंही दिलं, आणि दोघांनी ते मरेपर्यंत पाळलं.

ईस्टरच्या आधीच्या सोमवारी फ्लरी काहरसिवीनच्या स्टेशनात आगगाडीत बसला आणि इंग्लंडला गेला. सोयरीक मोडल्याचा निरोप डिनीनं आणला. बाबांनी त्याला पुष्कळ विचारलं. तो चुलीत बघत राहिला.

पुढच्या दोन वर्षांत अ‍ॅबीला दोन स्थळं आली, चांगली. तिनं नाही म्हटलं. एक माझ्याकडे वळलं, तेव्हा मीही नाही म्हटलं. तिला त्या घरात एकटी ठेवून मी जाणार तरी कुठं? बाबा गेले, मग आम्ही दोघीच राहिलो. गाई, कोंबड्या, बटाटे, जाळायची दलदलीतली माती, पीट, कापून वाळवून रचायची. वर्षं काढायला तेवढं पुरतं. ती कडवट झाली नाही, कुढत बसली नाही. फक्त ते हसणं गेलं. काही गमतीचं झालं की ती तोंडावर हात धरायची, जणू आतून काहीतरी निसटेल. नव्यानं आलेल्या लोकांना वाटायचं हिचे दात वाईट असतील.

एवढ्या वर्षांत या विषयावर ती माझ्याशी तीन-चार वेळाच बोलली असेल. दर वेळी तेच. "माझ्या हसण्यानं गेला तो." एकदा आम्ही समुद्रशेवाळ वाळत घालत होतो, तेव्हा म्हणाली, "नोनी, मी कशी हसले गं तेव्हा? कुत्सित हसले का?" मी म्हटलं, "नाही गं, सरळ हसलीस." ती म्हणाली, "तू माझी बहीण आहेस, तू तेच म्हणणार."

एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी शेवाळ पसरत राहिले. वचन कुणाला द्यावं हे माणसाला सतराव्या वर्षी कळत नाही. आणि दिल्यावर त्याला जितकी वर्षं होतात तितकं ते मोडणं अवघड होतं. दहाव्या वर्षी सांगितलं तर ती विचारेल, नऊ वर्षं कुठं होतीस? विसाव्या वर्षी सांगितलं तर?

चौऱ्याऐंशी साली, फेब्रुवारीतच, दुकानात कळलं की फ्लरी टीहन इंग्लंडात, कॉव्हेन्ट्रीला वारला. तिथल्या फादरचं पत्र त्याच्या भाचीला आलं होतं. लग्न केलं नव्हतं, एका खोलीत भाड्यानं राहायचा, मिस्साला मागच्या बाकावर बसायचा. एवढंच.

मी घरी आले. अ‍ॅबी टेबलाशी बटाटे सोलत होती. एकाहत्तर वर्षांची होती ती. मी कोटसुद्धा न काढता सांगितलं. तो गेला हे आधी, आणि मग उरलेलं सगळं. यादी, मॉसीचं दुकान, साखळी, न सुटलेला हात, धक्का, वचन. तिनं सुरी खाली ठेवली नाही. सोलत राहिली. बटाटा संपला तरी तिचा अंगठा त्याच्यावरून फिरत होता.

मला वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे त्याला भीती वाटली," ती म्हणाली.

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

"भीती मला विहिरीच्या कडेचीही वाटते," ती म्हणाली. "ही काय माणूस सोडण्याची गोष्ट आहे?" मग म्हणाली, "तो धक्क्यावर उभा राहिला म्हणालीस. इकडे बघून."

"हो."

"किती वेळ?"

"मिनिटभर. जास्तही असेल."

"तेव्हा मी काय करत होते?"

"चादरींना इस्त्री. त्याच खिडकीशी."

तिनं खिडकीकडे पाहिलं. आमच्या खिडकीतून धक्का दिसत नाही, मध्ये कुंपण येतं. "किती लांब आहे गं इथून?"

"अर्धा मैल."

"अर्धा मैल," ती म्हणाली. उठून तिनं बटाटे धुतले, चुलीवर ठेवले. त्या दिवशी आम्ही जेवलो. ती माझ्यावर रागावली का, हे मी तेव्हा विचारलं नाही, नंतरही विचारलं नाही. घरातलं बोलणं सुरू राहिलं, चहा हवा का, कोंबड्या कोंडल्या का. पण तिनं मला नावानं हाक मारणं बंद केलं. नोनी हा शब्द तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कोट घातला, काठी घेतली आणि निघाली. मीही कोट घेतला तर दारात वळून म्हणाली, "तू राहा." तासाभरानं परत आली. त्यानंतर रोज. पाऊस असो, वारा असो, ती धक्क्यापर्यंत जायची आणि यायची. डिनीचा मुलगा तेव्हा बोट चालवायचा. तो सांगायचा, ती तिथं बसत नाही, रडत नाही, खडकाकडे बघतही नाही. आमच्या घराच्या धुराड्याकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहते आणि परत फिरते.

हे तिनं सहा वर्षं केलं. मग गुडघे गेले तेव्हा फाट्यापर्यंत, मग कुंपणापर्यंत. ती निघाली की मी चुलीत पीटच्या दोन विटा जास्त घालायचे. धूर नीट वर चढावा, तिला तिथून दिसावा. घरात मी एकटीच असायचे. एकदाही तिनं मला 'चल' म्हटलं नाही, आणि मीही दारापलीकडे गेले नाही.